सुरतच्या डॉक्टरीणबाई

सुरत म्हटले की मराठी माणसाला आधी आठवते ती १६६४ ची स्वारी. गुजराती शेजाऱ्याने कधी चेष्टेत तो विषय काढला नाही असे आपल्यातले एकही घर नसेल. त्या स्वारीनंतर बरोबर दोनशे वर्षांनी, २२ नोव्हेंबर १८६४ रोजी, मुंबईत एका मराठी सुतार कुटुंबात मुलगी जन्मली. पुढे तीही मुंबईहून सुरतेला आली आणि सुमारे २२ वर्षे इथेच राहिली. इथल्या बायकांची बाळंतपणे तिने केली. त्या म्हणजे डॉ. रखमाबाई.

हे नाव आपल्या घरांत निघते ते बहुधा कोर्टातल्या खटल्यामुळे. २०१६ साली त्यांच्यावर मराठी सिनेमाही आला, तेव्हा थोडी चर्चा झाली. पण खटला चार वर्षे चालला आणि डॉक्टरकी पस्तीस वर्षे. सुरत जिल्ह्यात आयुष्य काढणाऱ्या आपल्यासारख्यांना दुसऱ्या भागाची माहिती असायला हवी, म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हा विषय घेतला.

गोष्ट त्यांच्या आईपासून सुरू करावी लागते. जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी रखमाबाई झाल्या आणि सतराव्या वर्षी जयंतीबाई विधवा झाल्या. पती जनार्दन पांडुरंग गेले तेव्हा मुलगी अडीच वर्षांची होती. सुतार समाजात विधवेने पुन्हा संसार मांडायला बंदी नव्हती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी लग्न केले. तेही विधुर होते. १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक दिली होती, पण पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा हक्क मात्र तिने सोडायचा होता. म्हणून जयंतीबाईंनी लग्नाआधी ती इस्टेट मुलीच्या नावावर केली. आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या नावावर चालून आलेली ही इस्टेट पुढे किती जणांच्या डोळ्यांत येणार होती, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नसावे.

सखाराम अर्जुन हे साधे गृहस्थ नव्हते. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकवत, वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते, आणि १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत जे मोजके हिंदी लोक होते त्यांत ते होते. वैद्यकावर त्यांनी मराठीतून लिहिले. ज्या काळी डॉक्टरी म्हणजे इंग्रजी असे समीकरण पक्के होत होते त्या काळची ही गोष्ट आहे. रखमाबाईंना घरी पुस्तके मिळाली, येणाऱ्या-जाणाऱ्या सुधारकांची बोलणी कानावर पडली. शाळा मात्र लवकर सुटली.

अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नात्यातल्या दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. मुलगा एकोणीस वर्षांचा, हातात काही नाही. तो सासरीच राहील, शिकेल, माणसांत येईल, असे ठरले होते. वर्षभरात मुलगी वयात आली आणि रिवाजाप्रमाणे गर्भाधानाचा आग्रह सुरू झाला. सखाराम अर्जुन यांनी नकार दिला.

इथे थोडे थांबले पाहिजे. खटल्याच्या गडबडीत हा नकार मागे पडतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलीचे कमरेचे हाड पुरते वाढलेले नसते. मूल अडते. दोन-दोन, तीन-तीन दिवस कळा चालतात, मूल दगावते, आई वाचली तर जन्माची अधू होते. हे सगळे सखाराम अर्जुन यांना पुस्तकातून आणि रोग्यांच्या घरांतूनही माहीत असणार. घरातल्या जावयाला आणि भावकीला तोंड देऊन त्यांनी सावत्र मुलीचे गर्भारपण पुढे ढकलले. आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर मुलीच्या लग्नाचे वय आणि पहिल्या बाळंतपणाचे वय रंगवलेले असते. त्या भिंतीवरची पहिली ओळ १८७०-८० च्या दशकात मुंबईतल्या एका घरात अमलात आली होती.

दादाजी शिकले नाहीत. ते आपल्या मामांच्या घरी राहायला गेले, कर्ज झाले, तब्येतही बिघडली. १८८४ मध्ये त्यांनी मुंबई हायकोर्टात दावा लावला की, बायकोने नांदायला यावे. तेव्हा रखमाबाई वीस वर्षांच्या होत्या. त्यांचे म्हणणे सरळ होते. न कळत्या वयात लावलेल्या लग्नाला त्यांची संमती नव्हती आणि ते नाते त्या मानत नव्हत्या. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. जी कधी नवऱ्याजवळ राहिलीच नाही तिला परत पाठवायचे कसे, असा त्यांच्या निकालाचा रोख होता. त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीच्या नावाने बालविवाहाविरुद्ध पत्रे आली. ती रखमाबाईंचीच होती हे पुढे उघड झाले. आणि त्याच वर्षी, निकालाच्या काही महिने आधी, सखाराम अर्जुन वारले. घरातला मोठा आधार गेला.

अपील झाले, खटला पुन्हा उभा राहिला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला की नांदायला जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी कळवली. देशभर, आणि विलायतेतही, यावर वाद पेटला. बेहरामजी मलबारींसारखे लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले, खर्चासाठी समिती निघाली.

लोकमान्य टिळक आणि त्यांची वृत्तपत्रे विरुद्ध बाजूला होती. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत हे लिहावे की नाही, असा प्रश्न मला पडला होता. ज्यांनी १८९३ मध्ये हा उत्सव घराच्या देव्हाऱ्यातून चौकात आणला त्यांच्याविषयीचा आदर माझ्याही घरात तेवढाच आहे. परक्या सरकारने आपल्या घरातल्या चालीरीतींत हात घालू नये, सुधारणा आपली आपण करू, हे टिळकांचे धोरण होते आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यालाही त्यांनी याच कारणासाठी विरोध केला. त्या कायद्याने वय दहावरून बारा केले, इतकेच. माझे मत असे की या एका बाबतीत रखमाबाईंचे बरोबर होते. लोकमान्यांचे मोठेपण त्यामुळे कमी होत नाही. पण मोठ्या माणसाच्या भीतीने एवढी गोष्ट गाळली असती तर रखमाबाईंना काय सोसावे लागले ते कळलेच नसते. आपल्याच भाषेतली, एरवी ज्यांना मान द्यावा अशी वर्तमानपत्रे रोज त्यांच्या विरुद्ध छापत होती.

राणी व्हिक्टोरियाने लग्न मोडले, अशी एक कथा फिरते. प्रत्यक्षात जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी २००० रुपये घेऊन निकालाची अंमलबजावणी सोडली. लग्न कायद्याने मोडले नाहीच. दादाजींनी नंतर दुसरे लग्न केले.

कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी रखमाबाईंना डॉक्टरीच्या वाटेला लावले. पीची स्वतः एडिंबरोत वैद्यक शिकायचा हक्क मागून भांडलेल्या पहिल्या सात बायकांपैकी. इंग्लंडमध्ये मॅक्लारेन पतिपत्नींनी मदत केली. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या बायकांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या. पाच वर्षे अभ्यास, स्कॉटलंडमध्ये परीक्षा, १८९४ मध्ये ब्रसेल्सची एम. डी. लहानपणी शाळा सुटलेल्या मुलीने हे केले.

आपल्याकडे आनंदीबाई जोशींचे नाव पहिली मराठी स्त्री डॉक्टर म्हणून सगळ्यांच्या ओठावर असते, आणि ते योग्यच आहे. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांत गेले आणि त्यातून त्या अमेरिकेपर्यंत पोचल्या. पण १८८७ मध्ये, बाविसाव्या वर्षाच्या आतच, त्या गेल्या. रोगी तपासायला वेळ मिळालाच नाही. रखमाबाईंना तो वेळ मिळाला आणि त्यातला मोठा भाग सुरतेला मिळाला.

१८९५ मध्ये, मुंबईत थोडे दिवस कामा हॉस्पिटलात काढून, त्या सुरतेच्या बायकांच्या हॉस्पिटलची जबाबदारी घ्यायला आल्या. वय तीस. तो काळ लेडी डफरिन फंडाचा होता. १८८५ पासून देशभर बायकांसाठी दवाखाने काढायला वर्गणी जमत होती आणि गावोगावचे शेठ-सावकार त्यात हात घालत होते. इमारती उभ्या राहिल्या. प्रश्न पुढचा होता.

मी सरकारी नोकरीत, डिप्लोमा करून लागलेला माणूस. बांधकामाचे कागद हातून जातात. इमारत पूर्ण झाली की दाखला मिळतो, रंग, नळ, वीज, सगळे तपासून सही होते. त्या इमारतीत माणूस पाय ठेवील की नाही, याचा रकाना कोणत्याही फॉर्मात नाही. रखमाबाईंपुढे जो प्रश्न होता तो नेमका या रकान्याचा होता.

सुरतेच्या बायका हॉस्पिटलात यायला तयार नव्हत्या. सुवावड घरात व्हायची. घरातली सगळ्यांत अंधारी, सगळ्यांत अडगळीची खोली त्यासाठी ठरलेली. दार-खिडकी बंद, आत शेगडी आणि धुरी. अंथरायला जुने चिरगूट, कारण विटाळाचे नंतर टाकूनच द्यायचे. नाळ कापायला जे हाती येईल ते, विळा म्हणा, चाकू म्हणा. सुईण अनुभवी असायची, तिचे हात कुशल असायचे, पण ते हात उकळलेल्या पाण्याने आणि कार्बोलिकने धुवायचे असतात हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. विलायतेतल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही ते पटायला वेळ लागला होता. व्हिएन्नाच्या झेमेलवाइसने १८४७ मध्ये हात धुवायला लावून बाळंतज्वर कमी करून दाखवला, तरी त्याला वर्षानुवर्षे कोणी मानले नाही.

बाळाला धनुर्वात होतो तो नाळेच्या जखमेतून, आणि तो साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दिसतो. आपल्याकडे पाचवी-सहावीला सटवाईची पूजा का, त्या रात्री बाळाजवळ जागायचे का, याचे उत्तर मला वाटते इथे कुठेतरी आहे. ते दिवस जड असत. बायकांना ते माहीत होते, कारण माहीत नव्हते.

मग हॉस्पिटलात का येऊ नये? कारणे त्यांच्या जागी खरी होती. तिथे कोणाच्या हातचे पाणी प्यावे लागेल, शेजारच्या खाटेवर कोण असेल, बाळंतिणीचा शेक-शेगडीचा आणि खाण्यापिण्याचा नेम कोण पाळेल. आणि हॉस्पिटलात माणूस जाते ते मरायलाच, हा अनुभव. अगदी शेवटच्या घटकेला, सुईण हरल्यावर, एखादीला उचलून आणत, तेव्हा डॉक्टरच्याही हातात फार काही उरलेले नसे. ती मेली की गावाला पुन्हा पुरावा मिळे. हे चक्र कुठून तोडायचे?

रखमाबाईंची एक गोष्ट सांगितली जाते. बायका येईनात, तेव्हा त्यांनी एक गाभण शेळी हॉस्पिटलात आणून ठेवली. तिची निगा राखली आणि तिथेच तिला वीत करवले. शेळी आणि करडे दोन्ही सुखरूप, हे गावाने पाहिले. मग हळूहळू बायका येऊ लागल्या.

ही गोष्ट वाचून पहिल्यांदा हसू येते. पण नीट पाहिले तर त्यात बरेच काही आहे. ब्रसेल्सची एम. डी. झालेली बाई व्याख्यान देत बसली नाही. तुमच्या चाली वाईट आहेत असे तिने कोणाच्या दारात जाऊन सांगितले नाही. शेळीची वेत कशी असते हे प्रत्येक घरातल्या बाईला माहीत होते. त्यात जातीचा, विटाळाचा, पडद्याचा प्रश्नच नव्हता. या घराच्या भिंतींत काही दोष नाही, एवढेच दाखवायचे होते आणि ते दिसले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. गर्भारपणात, सगळे ठीक चालले असताना, मुद्दाम जाऊन तपासून घ्यायचे ही कल्पना तेव्हा जगातच नवी होती. एडिंबरोच्या डॉ. बॅलंटाइन यांनी १९०१ मध्ये गर्भवतींसाठी हॉस्पिटलात वेगळी सोय हवी म्हणून आग्रह धरला, त्या वर्षी तिथे त्यासाठी एक खाट मिळाली. एक. ब्रिटनमध्ये कितव्या आठवड्याला तपासावे याचे सरकारी वेळापत्रक निघाले ते १९२९ मध्ये. म्हणजे रखमाबाई शिकल्या तेव्हा विलायतेतही हे नव्हते. त्या काळच्या डॉक्टरला हाताने चाचपून मूल आडवे आहे का ते कळे, पायांची सूज आणि चेहऱ्याचा फिकेपणा दिसे, लघवी उकळून त्यातला दोष पाहता येई. पण त्यासाठी बाई नवव्या महिन्याच्या आत समोर बसायला हवी. तिला येऊन बसावेसे वाटणे, हेच सगळ्यांत कठीण होते.

सुरतेतली ती वर्षे काही शांत नव्हती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पाठोपाठ गुजरातेत पसरला. १९०० च्या आगेमागे छपन्न्या दुष्काळ पडला, त्याच्या आठवणी इथल्या खेड्यांत अजून निघतात. प्लेगमध्ये तपासणीच्या नावाखाली घरात शिरणाऱ्या सरकारी माणसांचा लोकांनी धसका घेतला होता. दवाखाना म्हटले की दारे लागत. अशा दिवसांत एक डॉक्टरीण लोकांचा विश्वास टिकवून होती.

१९०४ मध्ये दादाजी वारले. ज्या नात्याला त्यांनी तुरुंग पत्करून नाकारले होते, त्या नवऱ्याच्या मृत्यूनंतर रखमाबाईंनी विधवेसारखी पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. हे का, याचा अर्थ अभ्यासकांनी वेगवेगळा लावला आहे. मला वाटते, रोज शंभर घरांतल्या सासवा-सुनांशी ज्यांना बोलायचे होते त्यांनी स्वतःपुरते एक भांडण मिटवले असेल. चूकही असेन. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

याच वर्षांत तापी व्हॅली रेल्वे सुरू होऊन सुरत खानदेशाला जोडली गेली. आज चलथाण स्टेशनवर उतरून कडोदऱ्याला येणारी आपली माणसे त्याच रुळांवरून येतात. धुळे, नंदुरबार, अमळनेर, जळगाव. कोणी मिलमध्ये, कोणी लूमवर, कोणी ट्रान्सपोर्टात. जुनी घरे आता पक्की झाली, मुले गुजराती माध्यमात शिकून नोकरीला लागली. पण नव्याने आलेली सून, जिला गुजराती येत नाही आणि आजूबाजूला जिचे कोणी नाही, ती आजही चाळीच्या खोलीत सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत नाव न नोंदवता राहते, हे मी पाहिले आहे. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. त्यामुळे कार्ड इथे निघते, रक्त इथे तपासतात, आणि नेमक्या शेवटच्या दोन महिन्यांत बाई दुसऱ्या राज्यात जाते. तिथल्या नर्सबाईला गुजरातीतले ममता कार्ड वाचता येत नाही. इकडच्या आशाताईच्या वहीत ती बेपत्ता. हिमोग्लोबिन सात होते की अकरा, हे आडगावच्या दवाखान्यात रात्री दोन वाजता कोण सांगणार?

२०१८-२० च्या सरकारी पाहणीत दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू गुजरातेत ५७ होते आणि महाराष्ट्रात ३३. सबंध देशात ९७. रखमाबाईंच्या काळाशी तुलनाच नको, एवढा फरक पडला. धनुर्वाताच्या लशीमुळे २०१५ मध्ये भारतात बाळंतिणीचा आणि नवजाताचा धनुर्वात संपल्यात जमा झाल्याचे जाहीर झाले. सहावीची रात्र आता फक्त पूजेची उरली आहे. पण या राज्याच्या आणि त्या राज्याच्या आकड्यांच्या मध्ये गाडीत बसलेल्या आपल्या मुलीसाठी काही जणींनी एक साधे काम सुरू केले आहे. आमच्या सोसायटीतल्या दोन-तीन काकू बुधवारी ममता दिवसाला नव्या सुनेला सोबत घेऊन अंगणवाडीत जातात, बोलणे गुजरातीत करून देतात, आणि गावी जायच्या आधी कार्डावरचे आकडे मराठीत एका चिठ्ठीवर उतरवून तिच्या पाकिटात ठेवतात. याला ना कोणती योजना आहे ना बजेट. मंडळाच्या महिला समितीने हे सगळ्या गल्ल्यांत करायचे ठरवले तर गणपतीच्या वर्गणीतून झेरॉक्सचा खर्च सहज निघेल.

सुरतेनंतर रखमाबाई राजकोटला गेल्या. तिथल्या रसुलखानजी जनाना हॉस्पिटलच्या त्या प्रमुख झाल्या. काठेवाडातला पडदा सुरतेपेक्षा कडक, तरी तिथेही त्यांनी दहा-बारा वर्षे काढली. १९३० च्या सुमारास निवृत्त होऊन मुंबईला परतल्या. पडद्याची चाल बंद व्हावी म्हणून त्यांनी एक पुस्तिका लिहिली ती याच काळात. जनाना हॉस्पिटलांत सारी उमर गेलेल्या डॉक्टरणीने पडद्याविरुद्ध लिहावे याचे आश्चर्य वाटायला नको. पडद्यामागून किती उशिरा हाक येते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

पुढची पंचवीस वर्षे त्या मुंबईतच होत्या, खटल्याविषयी फारसे न बोलता. १९५५ च्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा मंजूर झाला. हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क मिळाला, मुलीच्या लग्नाचे वय पंधरा ठरले. ज्या कलमाखाली नवरा किंवा बायको एकमेकांना नांदायला बोलावण्यासाठी कोर्टात जाऊ शकतात, ते कलमही त्याच कायद्यात नववे म्हणून राहिले आणि अजून आहे. त्या वर्षी २५ सप्टेंबरला, नव्वदाव्या वर्षी, रखमाबाईंचे मुंबईत निधन झाले.